चिचटोल्याचे नावाडी

आजोबांचा धंदा बदलायचा राहून गेला, एवढंच. बाकी सगळं संजीवने व्यवस्थित बदललं होतं. तेजरामच्या जुन्या अहवालात गावाचं नाव चौदा ठिकाणी आलं होतं; त्या चौदाही ठिकाणी त्याने मन लावून 'चिचटोला' लिहिलं. तेवढ्या चिकाटीत त्याचा स्वतःचा अहवाल सहज लिहून झाला असता, पण हे त्याला फार उशिरा सुचलं.

तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला यंदा एक नवाच विषय आला होता, 'अभ्यासकौशल्ये आणि चिकित्सक विचार'. शिकवायला नागपूरहून वीरेंद्र सर आले होते. पहिल्याच तासाला सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "छापलंय म्हणून खरं मानू नका. स्वतः जा, बघा, माणसांना विचारा, मग लिहा." पोरांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, खाली लाल रेघ मारली आणि परीक्षेला येईल म्हणून पाठ करून टाकलं.

मग सरांनी 'माझ्या गावातील पाणी' या विषयावर अहवाल आणायला सांगितला. वीस मार्कांचा. संजीवची दिवाळीची सुट्टी गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, फिरण्यात गेली, आणि अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी हातात कोरे कागद घेऊन तो तेजरामकडे गेला. तेजराम तिसऱ्या वर्षाला होता. असाच एक अहवाल त्याने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी विषयात दिला होता.

"घेऊन जा बे," तेजराम म्हणाला. "आलूभोंडे खाऊ घाल फक्त. सर नवीन हायेत, त्याइले का मालूम!"

आता तेजरामच्या गावाला होता मोठा तलाव, तलावात बेट आणि हिवाळ्यात शेकडो बदकं. भंडारा जिल्ह्यात तशी तलावांची ददात नाही, पण दिघोरीच्या पुढे आत वळलं की लागणाऱ्या चिचटोल्याच्या नशिबी एक बोडी तेवढी आली होती. बांधाआड अडवलेलं पाणी. धानाला देऊन उरेल त्यात म्हशी बसायच्या. तिच्यात नाव सोडायची म्हटली असती तर आधी म्हशींची परवानगी काढावी लागली असती. आणि अहवालाचं शेवटचं वाक्य होतं, 'माझे आजोबा या तलावात चाळीस वर्षे नाव चालवीत आले आहेत.'

संजीवचे आजोबा पुंडलिकराव, म्हणजे आबाजी, लहानपणी एकदा त्याच बोडीत पडले होते. तेव्हापासून पाण्याशी त्यांचा संबंध लोट्यापुरता. बोडीच्या बांधावरूनसुद्धा ते जात नसत. बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, धुऱ्यांवरून लांबचा वळसा घेत. चाळीस वर्षं त्यांनी केलं काय, तर धान. पण घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस म्हणून नातवाचा त्यांना कोण अभिमान! त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती; संजीव वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि आबाजी मान डोलावीत. "बाबूनं वाचलं म्हणजे तसंच असन," असं ते गावभर सांगत.

पुढच्या आठवड्यात सर वर्गात आले ते संजीवचा अहवाल उंचावतच. "ऐका! 'माझे आजोबा या तलावात चाळीस वर्षे नाव चालवीत आले आहेत.' याला म्हणतात माणसांना विचारून लिहिणं! अहवाल असा असावा!" सरांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि वर्गातल्या प्रत्येकाला नमुना म्हणून वाटल्या. संजीवच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिथेच उठून सांगायला हवं होतं; पण टाळ्या चालू असताना माणसाला उठवत नाही.

"आपण रविवारी अख्खा वर्ग घेऊन चिचटोल्याला जाऊ," सर म्हणाले. त्यांना पक्ष्यांचा भारी नाद होता.

"सर, रस्ता लय खराब आहे."

"चालत जाऊ."

"बदकं उडून गेली असतील, सर."

"डिसेंबरात? अरे, आता तर त्यांचे यायचे दिवस! आणि मला आजोबांना भेटायचंय."

बदकांचं काही करता येण्यासारखं नव्हतं, निदान आजोबा तरी हलवावेत, असा विचार करून शनिवारी संजीव आबाजींना म्हणाला, "आबाजी, आसगावच्या आत्याकडे जाऊन या ना. आठवण काढून राहिली ती."

"तुहा मास्तर उद्या घरी येऊन राहिला, अन् मी आसगावले कायले जाऊ?" आबाजी म्हणाले. त्यांनी पेटीतलं नवं धोतर काढलं, टोपी धुवून वळणीवर टाकली. आई, शकुंतलाबाई, तीस पोरांचा चिवडा करायला बसली. संजीवने दोनदा तोंड उघडलं. एकदा आईने त्याच्या हातावर चिवडा ठेवला, दुसऱ्यांदा आबाजींनी विचारलं, "मास्तराले साखर जास्त लागते का गा?" तिसऱ्यांदा त्याचा धीर झाला नाही.

रविवारी सर गळ्यात दुर्बीण अडकवून आले, मागे तीस पोरं. तलाव कुठे आहे, हे विचारायच्या आत संजीवने सगळ्यांना घरी वळवलं आणि चिवडा पुढे केला. तेवढीच पाच मिनिटं टळली. सरांनी अंगणात धानाच्या पुंजण्याजवळ उभ्या असलेल्या आबाजींना वाकून नमस्कार केला.

"आजोबा, चाळीस वर्षं नाव चालवली म्हणजे कमाल आहे!"

आबाजींनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "कोन, मी? कोनं सांगतलं जी?"

"संजीवनं लिहिलंय. हे बघा."

आबाजींनी कागद हातात घेतला, वर-खाली पाहिला. मग संजीवकडे पाहिलं. संजीव बैलाच्या शिंगांचं निरीक्षण करत होता.

"बाबूनं लिवलं हाय?" आबाजी सावकाश म्हणाले. "मंग असन जी. कालेजात शिकते तो, खोटं कायले लिहिन? वय झालं माहं. येखांद वेळेस आठोत नाई."

"वल्हं कसं मारता ते दाखवाल?" सर म्हणाले. पोरांनी मोबाइल वर केले. शहरातल्या कापडदुकानदाराची नात खुशबू सगळ्यांत पुढे, मोबाइल आडवा धरून.

आबाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीला टेकवलेलं दाताळं उचललं. आयुष्यभर ज्याने खळ्यातली तणस ओढली, त्या दाताळ्याने ते कोरड्या अंगणात पाणी ओढू लागले. दोनदा ओढलं. मग थांबले. संजीवला जवळ बोलावलं आणि हळूच, अगदी कानाशी विचारलं, "बाबू, कवा चालवत होतो मी नाव? तुह्या आजीच्या वक्ताले का मंग? सांग ना बापा, मले खरंच आठोन नाई राहिलं."

चेष्टा नव्हती ती. नातवाने लिहिलं म्हणून हा म्हातारा स्वतःचा जन्म खोटा धरायला निघाला होता.

"सर!" तो एकदम ओरडला. "नाव नाही. बदकं नाहीत. तलावपण नाही. आबाजी पाण्यात पायही टाकत नाहीत. ते आजोबा तेजरामचे आहेत!"

अंगणात हसण्याचा लोळ उठला. सर हसले नाहीत. त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि पिशवीत ठेवली. शकुंतलाबाई दारात चहाचं भगोनं धरून तशीच उभी राहिली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं संजीवला वाटत होतं, आणि आबाजी मात्र हुश्श करून बाजेवर टेकले.

"म्हंजे मी इसरलो नाई ना?" त्यांचा चेहरा उजळला होता. "मले वाटलं, डोक्शातून गेलं सारं! बचलो बापा!"

ते दोन थपडा देते तर संजीवला सोपं गेलं असतं. त्यांचं ते सुटल्यासारखं हसणं त्याच्याने बघवेना.

सरांनी मग सगळ्यांना बोडीवर नेलं, म्हशी दाखवल्या आणि एवढंच सांगितलं, "आज इथे जे पाहिलं ते लिहून आणा. गुरुवारपर्यंत. जुने मार्क रद्द."

त्या चार दिवसांत संजीव बोडीला सोडेना. बांबू बुडवून खोली मोजली, आबाजी दहा हात लांब उभे राहून "सरक मांगं!" ओरडत होते. बोडी कोणी खोदली, तिच्यावर किती बांध्या भिजतात, कुठल्या साली आटली होती, हे सगळं त्याने त्यांना विचारलं. आबाजींना सगळं आठवत होतं. दीडच पान झालं. बदकांच्या जागी त्याने दोन बगळे लिहिले.

शुक्रवारी सरांनी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर अहवालांचा ढीग होता. "वाच," सर म्हणाले. "शेवटची ओळ."

संजीवने पहिला उचलला. 'माझे आजोबा या तलावात चाळीस वर्षे नाव चालवीत आले आहेत.' खाली खुशबूचं नाव. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात नाव चालवायला पन्नास वर्षं होती, ते पोरगं हुशार होतं. सव्वीस जणांचे आजोबा नावाडी निघाले, आणि त्यांतल्या कित्येकांनी रविवारी स्वतः त्या म्हशी पाहिल्या होत्या.

"खुशबूला विचारलं मी," सर म्हणाले. "म्हणाली, 'सर, तुम्हीच तं बोलले होते, अहवाल असा असावा.'"

संजीवची मान वर होईना. आपल्या एका खोट्या वाक्याला सव्वीस पिल्लं झालेली पाहणं सोपं नसतं. "माझीच चूक आहे, सर."

"तुझी एकट्याची नाही." सर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "नोटीस बोर्ड पाहिलास?"

संजीवने पाहिला नव्हता. सर त्याला घेऊन गेले. काचेआड टाइप केलेला कागद होता: 'अभ्याससहलीत विद्यार्थ्यांनी चिचटोला तलावावर शेकडो बदकांचे प्रत्यक्ष निरीक्षण केले.' खाली सरांची सही.

"प्राचार्यांना सोमवारी सकाळी अहवाल पाहिजे होता," सर पुटपुटले. "म्हणून मी शनिवारीच लिहून त्यांच्याकडे देऊन ठेवला. तुझा बघून."

शिपाई भैय्यालाल जवळच उभा होता. सरांनी त्याच्याकडे काचेची चावी मागितली.

"ते नाई निघत आता, सर," भैय्यालाल म्हणाला. "प्राचार्यांची सही झाली त्याच्यावर. वरतं बी गेला तो कागद."

दोघेही काही वेळ बदकांसमोर खाली माना घालून उभे राहिले. मग सर म्हणाले, "चल, प्राचार्यांकडे जाऊन येतो मी. तू बाहेर थांब." आत काय झालं ते संजीवला कळलं नाही, पण सर बाहेर आले तेव्हा त्यांचेही कान लाल होते. खिशातून पेन काढून त्यांनी तिथेच उभ्याने संजीवच्या दीड पानावर मार्क टाकले.

संध्याकाळी संजीव धावतच घरी आला. "आबाजी, सतरा मिळाले! वीसपैकी सतरा! वर्गात सर्वांत जास्त!"

पूर्वी हे ऐकून आबाजींनी अख्ख्या टोल्याला चहा पाजला असता. आज त्यांनी हात पुढे केला. "कागद दाखव."

संजीवने कागद दिला. आबाजींनी तो उजेडाकडे धरला, लाल शाईवरून बोट फिरवलं आणि चपला घातल्या. संजीव अंगणातच उभा राहिला. आबाजी शेजारच्या फाटकाशी गेले आणि त्यांनी आवाज दिला, "डोमा, ये डोमा! जरासा बाहेर ये बापा. हे सतराच लिवलं हाय ना, पाय बरं."