ताम्राबाईसाहेबांनीं पाणी नाकारिलें त्याची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न. शके मोजणारा मनुष्य उपजला नव्हता तेव्हांचें वर्तमान, शोषनाम संवत्सरीं घडलें तें ऐसें जे: एका तळ्यांत उभयचरांचें राज्य होतें, डोकीं रुंद, पाय आखूड, आणि मानेशीं तांबडे कल्ले, त्यांनीं पाण्यांत श्वास घ्यावा. कल्ले हीच कुळाची अब्रू. वयांत येतां कोणाचे कल्ले गळाले आणि तो वारा पिऊं लागला तर तो बाटला, त्यास कांठावर काढावें आणि त्याच्या तोंडचें पाणी घेऊं नये, ऐसी चाल. गादीवर ताम्राबाईसाहेब होत्या आणि त्यांचा एकुलता पुत्र कर्दमराव, नेमके त्याचेच कल्ले गळाले. बाईसाहेबांचें काळीज तुटलें, परंतु दरबार पाहात होता, मग त्यांनीं तोंड फिरविलें आणि पुत्र कांठावर गेला.

मग तळें आटूं लागलें आणि पाण्याचा चिखल जाहला आणि थोर थोर सरदार चिखलांत पालथे पडले. बाईसाहेबांचे कल्ले सुकोन मानेस चिकटले. तों कर्दमराव टेकडीपलीकडील डबक्यांतून तोंड भरून पाणी घेऊन, पोट घाशीत आला आणि मातुश्रींच्या कल्ल्यांवर सोडूं लागला. तेव्हां शेवाळपंत कारभारी अर्धमेला, तरी बोलिला, "बाईसाहेब, बाटल्याच्या तोंडचें पाणी! कूळ बुडेल!" बुडावयास तरी पाणी कोठें उरलें होतें, पण हें त्या शहाण्यास कोण सांगे? बाईसाहेबांनीं मान वळविली आणि पाणी भेगेंत गेलें. कर्दमराव आणिक पाणी आणावयास माघारा गेला.

तो येईतों पंत निवर्तले आणि दरबार निवर्तला आणि पाहणारें कोणी उरलें नाहीं. बाईसाहेबांस दुरूनच लेंकराची चाल ओळखूं आली आणि जीव हरखला. म्हणाल्या, "ये रे माझ्या राजा. चुकलें माझें. दे पाणी." कर्दमरावानें तोंड उघडिलें, तों आंत थेंब नाहीं.

"डबकें आटलें, आईसाहेब. रिकामाच आलों."

"मग परतलास कशाला, वेड्या? तुला चालतां येतें. कोठें नदी असेल, तिकडे जा."

"तुम्ही एकट्या होतां," इतकेंच तो बोलिला, आणि त्यांच्या कल्ल्यांवर आपली सांवली धरून बसला, आणि मग उठला नाहीं. हें लिहितां लेखणी अडते.

येणेंप्रमाणें तें राज्य लयास गेलें. पुढें चिखलाचा दगड जाहला. दगडांत हाडें राहतात, कल्ले राहात नाहींत. मायलेंकरांचे सांगाडे एकमेकांस लागोन आहेत. त्यांत कुलीन कोण आणि बाटलेला कोण, हें आतां कोणास निवडितां येत नाहीं.