आमच्या हिची शाळा उल्लेखनीय कशी झाली

नियमांच्या बाबतीत मला कोणी शिकवायला जाऊ नये. मी विमा कार्यालयात दावे तपासतो. माणूस मेला आहे, हेसुद्धा योग्य कागद समोर आल्याशिवाय आम्ही मानत नाही; मग त्याची बायको समोरच्या खुर्चीत बसून कितीही रडो. त्यामुळे आमची ही जेव्हा म्हणाली, "अहो, त्या ऑनलाइन ज्ञानकोशात आमच्या शाळेची नोंद करता येईल का?" तेव्हा मी हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"एका दुपारचं काम आहे," मी म्हटलं. "रविवारी उरकून टाकतो."

ही एका लहानशा प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. जिना अरुंद, मैदान म्हणजे मागचं अंगण. पण वाचता न येणारं मूल त्या शाळेतून बाहेर पडलेलं नाही. ज्याला अक्षर लागत नाही त्याला ही शाळा सुटल्यावर शेजारी बसवून घेते, आणि अक्षर लागेपर्यंत घरी जात नाही. तोही नाही आणि हीही नाही. एवढं असून पट घसरत चालला होता, कारण ही शाळा चालवणाऱ्या संस्थेनेच पलीकडच्या रस्त्यावर काचेची मोठी शाळा उभी केली होती. हल्लीचे आईबाप शाळा बघायला येत नाहीत, आधी फोनवर शोधतात. मोठ्या शाळेची ज्ञानकोशात ऐसपैस नोंद होती, पोहण्याच्या तलावाच्या फोटोसकट. हिच्या शाळेचं नाव टाकलं, की त्याच नावाचं सिमेंटचं दुकान यायचं. संस्थेच्या अध्यक्षांनी हिला सरळच सांगितलं होतं, "बाई, यंदा पहिलीचा वर्ग भरला नाही, तर शाळा बंद करून तुम्हा सगळ्यांना तिकडे वर्ग करावं लागेल."

रविवारी मी लेख लिहिला. झकास लिहिला. संध्याकाळी पाहतो तर त्याच्या कपाळावर लाल पट्टी: 'हा विषय उल्लेखनीय नाही. लेख काढून टाकावा का, यावर मते मांडा.' पट्टी लावणाऱ्या संपादकाने स्वतःचं नाव 'काटेकोर' असं ठेवलं होतं.

"उल्लेखनीय नाही म्हणजे?" हिने विचारलं.

"अगं, तो त्यांचा पारिभाषिक शब्द आहे. शाळा वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. दुसऱ्या कोणी तिच्याबद्दल लिहिलेलं नाही, एवढंच."

"मग 'दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही' असं का लिहीत नाहीत?"

'पैसे देणार नाही' असं आमच्या कार्यालयातही आम्ही कधी लिहीत नाही.

मी बाह्या सरसावून चर्चेत उतरलो. 'या शाळेतून वाचता न येणारे एकही मूल बाहेर पडलेले नाही,' असं मी लिहिलं. काटेकोरने विचारलं, 'स्रोत?' मी लिहिलं, 'मुख्याध्यापिका स्वतः सांगतात.' त्याने लिहिलं, 'स्वतंत्र स्रोत हवा.' मी लिहिलं, 'मुले घडाघडा वाचतात, हाच पुरावा.' त्याने लिहिलं, 'मुले हा स्रोत नाही.'

मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. माणूस आमच्या खात्यात शोभला असता. पण त्याच्या आडमुठेपणावर हिची खुर्ची अवलंबून होती, आणि ही रोज शाळेतून आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारायची, "काय म्हणतोय तो?"

एक दिवस तो म्हणाला, म्हणजे त्याने लिहिलं, 'शाळेबद्दल वर्तमानपत्रांत कधी सविस्तर छापून आले आहे का? आग, अपघात, गैरव्यवहार?'

मी हिला विचारलं.

"काहीच झालेलं नाही हो."

"आठवून बघ ना. छोटीशी आग?"

"काही होऊ नये म्हणून तर मी दिवसभर तिथे उभी असते," ती म्हणाली. "आता काय, एखादं मूल जिन्यावरून ढकलू? सांगा, उद्याच ढकलते."

माजी विद्यार्थी शोधायला घेतले. कोणी परिचारिका, कोणी वायरमन, कोणी स्वतःचं दुकान काढलेलं. सगळे बिचारे सरळमार्गी, म्हणजे माझ्या काहीच कामाचे नाहीत. शेवटी एक घसघशीत सापडला: मोटारसायकली चोरणाऱ्या टोळीचा म्होरक्या. वर्तमानपत्रात पाव पान! मी आनंदाने घरभर नाचायचा बाकी राहिलो.

"तो?" ही म्हणाली. "हुशार होता हो. गणित फार चांगलं त्याचं."

काटेकोरने तोही उडवला. 'बातमी चोराबद्दल आहे, शाळेबद्दल नाही.'

मग मला सुचलं, की बातमी नसेल तर करवून घ्यावी. हिचाच एक जुना विद्यार्थी बातमीदार झाला होता. मी त्याला घरी बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, कारण समोर बाई होत्या.

"बाईंनी शेजारी बसवून घेतलं नसतं, तर मी आज बातमी वाचलीही नसती, लिहिणं लांबच," तो मला म्हणाला. "मी लिहितो, काका. मनापासून लिहितो."

"शाळेबद्दल लिही," ही म्हणाली. "पण तो 'उल्लेखनीय नाही' शब्द नको छापू रे. लोकांना तो कळायचा नाही."

"अगं, तोच तर मुद्दा आहे," मी मध्ये पडलो. "अन्याय दिसल्याशिवाय लोकांना चीड कशी येणार?" आणि काटेकोरच्या सगळ्या चर्चेची छापील प्रत मी त्याच्या हातात कोंबली.

पोराने खरोखर सुंदर लिहिलं. जिना, अंगण, शाळा सुटल्यावरची शिकवणी, सगळं आलं होतं. फक्त मथळा त्याचा नव्हता. तो कचेरीत बसणाऱ्या कोणा दुसऱ्याच विद्वानाने दिला होता: 'ही शाळा उल्लेखनीय नाही! ज्ञानकोशाचा निर्वाळा.' शेजारी हिचा फोटो, हसतमुख.

हिने अख्ख्या वस्तीला वाचायला शिकवलं, पण मथळ्याच्या खाली उतरायला शिकवायचं राहून गेलं असावं. दुसऱ्या दिवसापासून पालक दाखले मागायला आले. मी त्या सकाळी मुद्दाम हिच्याबरोबर गेलो होतो, म्हणून कानांनी ऐकलं. एक बाप म्हणाला, "बाई, तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे हो. पण ज्ञानकोशानेच नापास केलंय म्हटल्यावर..."

"तू माझ्याच हाताखाली शिकलास ना? मग ती बातमी पूर्ण वाच."

"वेळ कुठे असतो, बाई," तो म्हणाला, आणि दाखल्याची वाट बघत फोन चाळत बसला.

तरी मी हिंमत सोडली नाही. बातमी चर्चेत जोडली आणि विजयी मुद्रेने बसलो. काटेकोरचं उत्तर आलं: 'बातमीदार शाळेचा माजी विद्यार्थी असल्याचे बातमीतच म्हटले आहे. स्रोत स्वतंत्र नाही.'

स्वतंत्र स्रोत मग आपोआप उगवले. एका वर्तमानपत्राने ही बातमी उचलली, तेव्हा 'उल्लेखनीय नाही'चं 'दर्जा नाही' झालं. दुसऱ्याने 'बोगस शाळा?' असं विचारलं, प्रश्नचिन्हासह, म्हणजे जबाबदारी नको. यांच्यापैकी एकानेही शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या स्वातंत्र्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. पहिलीच्या वर्गात शेवटी एकटी शिपायाची नात उरली. अध्यक्षांनी हिला बोलावलं, पाणी दिलं, संस्थेचं नाव खराब होतंय म्हणाले, आणि शाळेला कुलूप लागलं.

ही आता काचेच्या शाळेत दुसरीला शिकवते. तिथली मुख्याध्यापिका हिच्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे आणि हिला 'टीचर' म्हणते. शाळा सुटल्यावर कोणाला थांबवून घ्यायची तिथे परवानगी नाही, कारण बस निघून जाते.

परवा काटेकोरने चर्चा संपवली: 'आता अनेक स्वतंत्र स्रोत उपलब्ध आहेत. शाळा बंद पडल्याचीही बातमी आहे. विषय निःसंशय उल्लेखनीय. लेख ठेवावा.'

मी जिंकलो होतो. काय करावं ते न सुचून फोन घेऊन हिच्याकडे गेलो. ती पलंगावर पाय सोडून बसली होती.

"राहिला आपला लेख," मी म्हटलं.

तिने चष्मा लावून वाचलं. 'ही एक प्राथमिक शाळा होती. उल्लेखनीय नसल्याबद्दल ती विशेष प्रसिद्ध होती.' तिने बोट फिरवून खाली पाहिलं. खाली काही नव्हतं.

"मुलांना वाचता यायचं, ते कुठे आहे?"

"ते काढलं त्यांनी. स्रोत नाही म्हणून."

"आणि मी?"

"तुझं नाव मी घातलं होतं गं. तेही काढलं."

"का?"

मला तिच्याकडे बघवेना. मी फोनवरचं वाचून दाखवलं, "नाव घालणारी व्यक्ती संबंधित महिलेचा पती असल्याचा संशय."

तिने चष्मा काढून त्याची घडी घातली आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"नुसता संशयच आहे ना?" ती म्हणाली. "मग राहू द्या. पुरावा देऊ नका."