न्हाऊ घातलेले नवरदेव

बेल्याच्या शिवारात, बयनाबाईच्या कपाशीच्या प्लॉटात, चार दिवसांपूर्वी लगन लावलेली सगळी फुलं गळून पडली, आणि बयनाबाईनं पहिल्यांदा सुनेच्या हाताकडे पाहिलं.

सत्त्याऐंशी साली गावात हायब्रिड बियाण्याचं हे काम नवं होतं. सांजवेळी मादी कळीतले पुंकेसर नखानं खुडायचे, सकाळी नर फूल तिच्यावर घासायचं. बाया त्याला लगनच म्हणत. नर फुलं तोडून आणायची ती सासूनं, घासायची ती आशानं. आशाचा या कामात जीव होता.

"तुह्या हाताले गुणच नाही," बयनाबाईनं सहा मजुरणींदेखत सांगितलं. "उद्यापासून प्लॉटात पाय ठेवू नको."

आशानं शाळेतल्या नागनाथ मास्तरांना निरोप धाडला. मास्तर सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन थेट बांधावर आले. झाडावरचं एक नर फूल तोडून त्यांनी पिवळी धूळ काचेवर झटकली. पहिला डोळा अर्थात बयनाबाईचा.

धुळीचा एकेक कण गोल गरगरीत, अंगभर काटे, जसं धोतऱ्याचं बोंडच. पण काटा कसा, सोनारानं मापून बसवल्यासारखा.

"मास्तर, एवढ्याशा धुळीवर एवढी कारागिरी? कोणं केली असंन हो?"

मास्तर म्हणाले, प्रत्येक कणाच्या आत दोघं बसलेले असतात. एक कणातून नळी काढून वाट करतो, दुसऱ्यापासून सरकी धरते. बयनाबाईनं कानाला हात लावला. मग तिला एक उणीव दिसली.

"पण हे बिनन्हालेलं हाये. नवरदेव न्हाल्याबिगर बोहल्यावर चढते काय? मी तं रोज फुलं बादलीत बुचकळून देतो."

कोणी काही म्हणायच्या आत तिनं तांब्यात बोट बुडवून थेंब काचेवर सोडला आणि ऐटीत डोळा लावला. कण फुगले. मग एकामागून एक फुटले.

"पाण्यानं फुटले सारे," ती वाकूनच पुटपुटली. मजुरणी एकमेकींकडे पाहीनात.

"उद्यापासून तोडणं आन् लावणं, दोनी आशाच करीन," ती अखेर म्हणाली. "माहे हात लय चोख हायेत. या कामाले नाही चालत."

मग तिनं मास्तरांकडून कोरडी काच मांडून घेतली आणि एकेकीला पाहायला बसवलं. आशा वाकली, तेव्हा बयनाबाईनं स्वतःच्या पदरानं तिचं कपाळ पुसलं. घामाचा थेंब काचेवर पडू नये म्हणून, हे मात्र तिनं सगळ्यांना बजावून सांगितलं.