पहिली बास्केट होईपर्यंत

पराभव अधिकृतपणे कळला तो बुधवारी. मंगळवारी तो सहा हजार माणसांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता, एकसष्ट विरुद्ध चौतीस. पण डोळ्यांनी पाहिलेलं टिल्डन फॉल्स कॉलेजात ग्राह्य धरत नाहीत. बुधवारी सकाळी क्रीडा विभागाचं पत्र प्रत्येक कायम खुर्चीधारकाच्या पेटीत पडलं. आपल्या बास्केटबॉल संघाला, म्हणजे बगळ्यांना, कालच्या सामन्यात 'अपेक्षेहून वेगळा निकाल' मिळाला असल्याचं त्यात नमूद होतं. आक्रमणाची प्रक्रिया समाधानकारक असून फक्त चेंडू आत जाण्याचा टप्पा प्रलंबित आहे, असंही पुढे म्हटलं होतं.

डेल्मर क्रूसने ते पत्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं. पाकिटावर 'श्री. डेल्मर आणि सौ. नोरीन क्रूस' असं नाव होतं. नोरीनला जाऊन दहा आठवडे झाले होते. बँकेने तिचं नाव काढलं, दाताच्या डॉक्टरने काढलं, चर्चच्या केक करणाऱ्या बायकांच्या यादीतूनही ते गेलं. क्रीडा विभागाने तेवढं काढलं नव्हतं. निष्काळजीपणाबद्दल माणूस एखाद्या कचेरीचे आभार मानू शकतो, हे डेल्मरला त्या वर्षी कळलं.

नववी रांग, खुर्ची अकरा आणि बारा. अकरा त्याची, बारा तिची. अठ्ठावीस हंगाम.

टिल्डन फॉल्सला एक चाल आहे. सामना सुरू झाला की आपल्या संघाची पहिली बास्केट होईपर्यंत सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. ही चाल कुणी पाडली ते कुणाला ठाऊक नाही, पण ज्याने पाडली त्याने बरे दिवस पाहिलेले असणार. त्या काळी माणूस उठायचा, आठ टाळ्या वाजवायचा, चेंडू जाळीतून खाली यायचा आणि माणूस परत बसायचा. मांडीवरचे पॉपकॉर्नही सांडत नसत. आता प्रशिक्षक मॅकएल्विन आले होते आणि त्यांच्याबरोबर 'संयमी आक्रमण' आलं होतं. म्हणजे असं की पाच पोरांनी चेंडू एकमेकांना द्यायचा, पुन्हा द्यायचा, आग्रहाने द्यायचा, पंगतीत शेवटचा लाडू कुणीच घेत नाही तसा. नियमाने तीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे मारावाच लागतो. एकोणतिसाव्या सेकंदाला तो ज्याच्या हातात असेल तो बिचारा डोळे मिटून फेकायचा. मंगळवारी पहिली बास्केट दहाव्या मिनिटाला झाली होती, तीही समोरच्या पोराच्या खांद्याला लागून.

पत्राच्या दुसऱ्या पानावर उपाययोजना होती. विभागाने अभ्यास केला होता. त्यात असं आढळलं होतं की पहिल्या बास्केटआधी अनेक प्रेक्षक खाली बसतात आणि त्यामुळे खेळाडूंचा नेम चुकतो. सबब यापुढे बास्केटआधी बसणाऱ्यांची नोंद होईल. अशा तीन नोंदी झाल्या की खुर्ची प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला मिळेल.

शनिवारी दुपारी नवव्या रांगेत डेल्मरच्या शेजारी रस फीनी उभा होता. रसने एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत सहज जायचा.

"टाक ना रे! टाक!" तो ओरडला. "अरे, बास्केट आहे ती, विंचवाचं बीळ नव्हे! हात घातला तर चावणार नाही!"

चेंडू डावीकडून उजवीकडे गेला आणि उजवीकडून डावीकडे आला.

"डेल, माझ्या बसमधली पहिलीतली पोरंसुद्धा खिडकीतून सफरचंद बाहेर फेकायची ना, ती कचऱ्याच्या डब्यात पडायची. आणि यांना शिष्यवृत्त्या!"

"गुडघा फुटतोय," डेल्मर म्हणाला.

"बसू नकोस. पिवळं जाकीट येतंय."

पिवळ्या जाकिटात आर्लीन होती. गावच्या ग्रंथालयात जन्म गेलेली बाई, आता विभागाची स्वयंसेविका. तिने पाटीवरचा कागद पाहिला, मग बारा नंबरच्या खुर्चीकडे पाहिलं. या खुर्च्या स्प्रिंगच्या आहेत, माणूस उठला की आपोआप मिटतात. बारा नंबर मिटलेली नव्हती. तिच्यावर नोरीनची उशी आणि तिचा जाड निळा कोट होता. तो कोट डेल्मर दर सामन्याला घरून आणायचा.

"डेल्मर, बारा नंबर बसलेली आहे रे."

"कोट आहे तो, आर्लीन. तुला माहितीये कुणाचा ते."

"मला माहितीये. ती गेली तेव्हा मी आले नव्हते का? बटाट्याचं भांडं घेऊन आले होते." आर्लीनचा आवाज खाली आला. "पण माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत. उभे आणि बसलेले."

"मग काहीच लिहू नकोस."

"काहीच नाही असा रकाना नाहीये."

तिने 'बसलेले'वर खूण केली आणि जाताना डेल्मरचा दंड दाबला. पहिली बास्केट त्या दिवशी चौदाव्या मिनिटाला झाली. पुढच्या शनिवारी बारा नंबरवर दुसरी खूण पडली. आता एकच उरली होती. सोमवारी विभागाचं पत्र आलं. सौ. नोरीन क्रूस यांनी आपण उभ्या का राहत नाही याचा खुलासा समक्ष येऊन करावा, असा त्यातला मजकूर होता.

डेल्मर समक्ष गेला. निघताना नवव्या रांगेने त्याच्यावर आणखी एक काम सोपवलं होतं. "जातोच आहेस तर सांग त्यांना," रस म्हणाला होता, "की पोरांना चेंडू मारायला शिकवा म्हणावं. आम्ही काय बगळे आहोत का, एका पायावर उभे राहायला?"

क्रीडा विभागातल्या चाहता-अनुभव शाखेच्या उपसंचालिका ब्रूक हॅल्वरसन वयाने डेल्मरच्या नातीएवढ्या होत्या आणि फार गोड बोलत. त्यांनी त्याला निळ्या कपात कॉफी दिली, त्याची सगळी हकीकत ऐकली आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

"मिस्टर क्रूस, संपूर्ण बगळा परिवारातर्फे मनापासून सांत्वन."

"थँक्यू. मग त्या खुणा तेवढ्या खोडा."

"हो, तेच बघू या." त्यांनी पडद्यावर पाहिलं. "असं आहे, की मिसेस क्रूस वारल्या असतील तर खुर्ची नव्वद दिवसांत प्रतीक्षायादीला परत जाते. आणि त्या वारलेल्या नसतील तर त्यांना उभं राहावं लागेल."

"ती वारलीये."

"असं अगदी पटकन म्हणू नका," ब्रूक हळूच म्हणाल्या. "मी अजून टाईप केलेलं नाही."

त्यांनी पडद्यावर आणखी एक पान उघडलं.

"तिसरा मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "तात्पुरती असमर्थता. डॉक्टरांनी लिहून द्यायचं की या व्यक्तीला उभं राहता येत नाही. मग त्यांच्या जागी एक बदली माणूस उभा राहू शकतो."

"बदली कोण?"

"कुणीही चालेल. तुम्हीसुद्धा."

"मी तर आधीच उभा असतो. माझ्या खुर्चीसाठी."

"बरोबर. एका माणसाला एकाच वेळी दोघांसाठी उभं राहता येत नाही, ते नियमात बसत नाही." त्यांनी बराच विचार केला. "पण पाठोपाठ राहता येईल! पहिल्या बास्केटपर्यंत तुम्ही स्वतःतर्फे उभे राहा. तिथून दुसऱ्या बास्केटपर्यंत मिसेस क्रूसतर्फे."

डेल्मरने मान हलवली. दारापाशी गेल्यावर त्याला रस आठवला.

"आणि पोरांना नेम धरायला कोण शिकवतंय?"

"ते आमच्याकडे येत नाही हो. आमच्याकडे प्रेक्षकांच्या बाजूचं असतं सगळं." ब्रूकनी तक्रारींची यादी त्याच्याकडे वळवली. त्यात पार्किंग होतं, पॉपकॉर्न होते, स्वच्छतागृह, आवाज, बगळ्याच्या वेशातल्या माणसाचं वर्तन, सगळं होतं. आक्रमण नव्हतं. "पॉपकॉर्नमध्ये टाकू का? पॉपकॉर्नवाले फार तत्पर आहेत."

डॉक्टर रोडेनने नोरीनला वीस वर्षं तपासलं होतं. त्याने कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि लिहिलं, 'रुग्णास उभे राहता येत नाही. सुधारणेची शक्यता दिसत नाही.' ते सर्वस्वी खरं होतं. विभागाने ते मंजूर केलं आणि नोरीनला लवकर बरं वाटावं म्हणून शुभेच्छापत्र पाठवलं.

जानेवारीत आक्रमण आणखी संयमी झालं. एका सामन्यात पहिला अर्धा भाग कोरडाच गेला. फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या नुसत्या दंडाच्या फेकीवरचे गुण 'पहिली बास्केट' म्हणून धरावेत का, यावर समिती बसली आणि उभ्या लोकांना 'नाही' असं कळवून उठली. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाला जायचं असेल तर पिवळ्या जाकिटाकडून पास घ्यावा लागे. सतराव्या रांगेतला एक गृहस्थ चक्कर येऊन पडला, पण पडणं म्हणजे बसणं नव्हे असा निर्णय झाल्याने त्याची खुर्ची वाचली.

अकरा आणि बारा नंबरपुढे डेल्मर उभाच असायचा. पहिली बास्केट झाली की सहा हजार माणसं एका दमात 'हुश्श' करून बसत आणि तो एकटा टाळ्या वाजवत राही. मागचे पहिल्यांदा ओरडले, "ए, खाली बस की!" मग आर्लीनने त्यांना जाऊन काहीतरी सांगितलं आणि ते गप्प झाले. गुडघा दुखायचा. पण ती दहा-बारा मिनिटं डेल्मरला कुणी काही विचारत नसे, कसा आहेस, जेवतोस का, मुलीकडे राहायला का जात नाहीस. तो एका कामावर उभा होता आणि ते काम काय आहे हे सगळ्या सभागृहाला माहीत होतं. नोरीनचं नाव कागदावर होतं. घरी ते कुठेच नव्हतं.

फेब्रुवारीत कुणीतरी मोजलं आणि जाहीर केलं की देशात कुठल्याही कॉलेजात प्रेक्षक सलग इतका वेळ उभे राहून टाळ्या वाजवत नाहीत. टीव्हीवाले आले. अध्यक्षांनी भाषण केलं की हरणाऱ्या संघामागे उभं राहणं ही निष्ठा, पण न खेळणाऱ्या संघामागे उभं राहणं ही संस्कृती. मॅकएल्विनना चार वर्षांची मुदतवाढ मिळाली. गावात 'आम्ही अजून उभे आहोत' असे निळे सदरे खपायला लागले. रसने दोन घेतले.

"टाक ना रे" हे ओरडणं कधी बंद पडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट एखाद्या पोराने लवकर नेम धरला की रांगांतून आवाज येऊ लागला, "थांब रे, घाई काय आहे!"

मार्चमध्ये घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या पोरांना, मग ती चार वर्षं बाकावर बसलेली का असेनात, सुरुवातीला खेळवतात. आईबापांना मैदानात बोलावून फुलं देतात. कोल्बी वॅरिक नावाचा एक उंच, हडकुळा मुलगा त्यांत होता. आईच्या हातात फुलं देऊन तो मैदानात उतरला. सरावात राखीव पोरांना संयमी आक्रमण कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या हातात चेंडू आला, समोर कुणी नव्हतं, त्याने उडी मारली आणि टाकला.

चेंडू जाळीतून स्वच्छ खाली आला. घड्याळात अकरा सेकंद झाले होते.

सहा हजार माणसांनी घड्याळाकडे पाहिलं. मग वरच्या रांगांतून हुर्यो सुरू झाली आणि खाली उतरत आली. "विक्रम घालवला मूर्खाने!" रस ओरडला. "चार महिने उभे राहिलो आम्ही! कुणी सांगितलं होतं तुला?" कोल्बी दोन्ही हात वर करून आईला शोधत होता. हात तसेच वर राहिले. तिसऱ्या रांगेत त्याची आई फुलं घेऊन उभी होती आणि हा आवाज कुणासाठी आहे ते मागे वळून पाहत होती. हुर्यो करणारे सहा हजार लोक काही परगावचे नव्हते. तुमच्या-आमच्यासारखेच, बास्केट पाहायला म्हणून घरून निघालेले.

"एवढ्यात कशाला?" असं कुणीतरी डेल्मरच्या अगदी जवळ म्हणालं. तो डेल्मरचाच आवाज होता.

मॅकएल्विननी कोल्बीला बाहेर बोलावलं. लोक खाली बसले, रागारागाने, जणू कुणी त्यांना बसवलं होतं.

"बस की, डेल," रस म्हणाला. "संपलं सगळं."

"माझी झाली. हिची राहिलीये."

तो उभा राहिला. खाली चेंडू डावीकडून उजवीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला. आता सगळं पूर्ववत झालं होतं. उरलेल्या एकोणचाळीस मिनिटांत बगळ्यांनी दंडाच्या फेकीवर सात गुण केले आणि बास्केट एकही केली नाही. प्रत्येक नेम चुकला की डेल्मर टाळ्या वाजवत होता, आणि त्या कशासाठी हे त्याला कुणी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये ब्रूक हॅल्वरसन यांचं पत्र आलं, श्री. आणि सौ. क्रूस यांच्या नावे. सौ. क्रूस यांच्या वतीने उभं राहण्याची मुदत अपूर्ण असल्याने ती नोव्हेंबरमध्ये, पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून, सुरू धरण्यात येईल. दोन्ही खुर्च्या कायम ठेवायच्या का? गावातल्या एकूण एक खुर्चीधारकाने 'हो' कळवलं होतं. डेल्मरनेही कळवलं.

नोव्हेंबरला सात महिने आहेत. नोरीनच्या नावची बास्केट अजून झालेली नाही.