रामटेकेभाऊंचा फसवा पाला

आमच्या नागभीडच्या गुरांच्या दवाखान्यातले रामटेकेभाऊ गाय तपासण्याआधी तिचा चारा स्वतः चावून बघायचे. चांगलं मिनिटभर रवंथ करायचे, थुंकायचे आणि मग मालकाकडे असं बघायचे, की जणू त्याने तो चारा चोरूनच आणलाय.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो आणि शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळे त्यांच्या विद्वत्तेचा सगळा मारा माझ्यावर. कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी वाचलं होतं, की परदेशात एक प्रकारचं गवत खाऊन मेंढ्यांना पिल्लंच होईनात. त्या गवतात मादीच्या हार्मोनची नक्कल करणारं द्रव्य होतं म्हणे. भाऊ त्याला 'फसवा पाला' म्हणायचे.

"मास्तर, कुलपात भलतीच चावी जाते," ते समजावून सांगायचे. "कुलूप तं नीट उघडत नाई, अन् खऱ्या चावीले जागा राहत नाई."

ऐंशीच्या दशकात सोयाबीन आमच्याकडे नवंनवं येत होतं. त्यातही तसलंच द्रव्य असतं हे कळल्यापासून भाऊंनी त्याच्याशी उभं वैर धरलं. माझ्याकडे सोयाबीनच्या वड्यांची भाजी असली की जेवायला यायचे नाहीत. मी म्हणायचो, "अहो भाऊ, वाटीभर भाजीनं माणसाला काही होत नाही."

"कोणी पाह्यलं?" एवढंच म्हणून ते आपल्या खोलीत जायचे आणि एकट्यापुरता भात टाकायचे.

दूधवाल्या गिरजाबाईंची गाय दोन वर्षं गाभण राहीना. शेवटी त्या तिला विकायला बाजारात घेऊन निघाल्या, तर भाऊ रस्त्यात आडवे.

"बाई, हिले हिरवं सोयाबीन काऊन चारून राह्यल्या? धानाची तणस द्या. अन् भाकड म्हणता, तं वळू तपासला का?"

"वळूले कोण तपासते, भाऊ?"

"हेच तं!" भाऊंचा आवाज इतका चढला, की गिरजाबाई मुकाट्याने गाय घेऊन परत फिरल्या.

मग चारा बदलला, वळूही बदलला आणि गाय गाभण राहिली. श्रेय कोणाचं, हे माझ्या विज्ञानालाही सांगता आलं नसतं. गाय व्यायल्यावर गिरजाबाई भाऊंना खरवसाचा डबा देऊन गेल्या. त्या दुपारी भाऊ तो डबा मांडीवर घेऊन माझ्या ओट्यावर बसले होते. खात मात्र नव्हते.

"माझी बायको सात वर्षं होती घरी," ते एकदम म्हणाले. "मूल नाई म्हणून मायनं तिले माहेरी धाडलं. तिले तपासलं, मले कोणी नाई तपासलं. मीबी काई बोललो नाई. तिनं पोंभुर्ण्याले दुसरं घर केलं. तीन पोरं हायेत तिले."

इतकी वर्षं मी त्यांच्या पाल्याला हसत होतो, आणि हा माणूस आपल्या ताटात काय चुकलं ते शोधत होता. मला माझीच लाज वाटली. माझ्या सगळ्या शंका गिळून मी म्हणालो, "भाऊ, लहानपणी तुमच्याही खाण्यात असंच काही आलं असेल. एखादा पाला, एखादा कंद."

भाऊंनी डब्याचं झाकण लावलं.

"असन. पण तिले माहेरी पोचवाले बैलबंडी मीच जुंपली होती, मास्तर. ते काई पाल्यानं नाई केलं."