पूर्णांक शंभर

इटारसीहून पुण्याला निघताना पूर्वा गजभियेने वडिलांना ठणकावून सांगितलं, "बाबा, गणिताचं मी बघते." भीमराव रेल्वेतले. वेळापत्रकावरसुद्धा विश्वास न ठेवणारे. ते एवढंच म्हणाले, "बघ. नापास झालीस तर परतीची गाडी आहेच."

त्या वर्षी ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. पूर्वालाही बी.एस्सी.चं दुसरं वर्ष पुण्यातच, कॉम्प्युटर घेऊन करायचं होतं. वाघोलीच्या कॉलेजचा नियम साधा होता. परराज्यातून येणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या गणितात साठ गुण हवेत, नसतील तर महिनाभर पूरक वर्ग. पूर्वाला होते एक्केचाळीस. वर्ग करू, कच्चं गणित पक्कं करू, असा तिचा सरळ बेत होता.

ऑफिसातल्या बापूरावांनी तिची हिंदी गुणपत्रिका चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि तिचं नाव थेट दुसऱ्या वर्षाच्या यादीत घातलं.

"काका, पूरक वर्ग?"

"तुम्हाला? कशाला?"

पुणेकर उगाच बदनाम आहेत, असं वाटून पूर्वाला अगदी भरून आलं!

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. गणिताच्या बोकील मॅडमनी तिला भर वर्गात उभं केलं आणि जाहीर केलं, "हिला गणितात शंभरपैकी शंभर आहेत."

गुणपत्रिकेवर होतं, 'पूर्णांक १००, प्राप्तांक ४१'. तिकडे पूर्णांक म्हणजे पेपर किती गुणांचा, आणि प्राप्तांक म्हणजे त्यातले पदरात किती पडले. बापूरावांनी पूर्णांकाचे केले पूर्ण गुण, आणि प्राप्तांक हा कागदाचा नंबर असेल म्हणून सोडून दिला!

"मॅडम, ते शंभर माझे नाहीत."

"हुशार मुली असंच म्हणतात. आमचे सर रजेवर आहेत. आजपासून पूरक वर्ग तू घे."

पूर्वा धावत बापूरावांकडे गेली आणि त्यांना पूर्णांक, प्राप्तांक सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चूक मात्र चुकूनही कबूल केली नाही.

"गुण वाढवून मागायचा अर्ज आहे आमच्याकडे," ते म्हणाले. "कमी करून मागायचा नाही."

"मग मला पूरक वर्गात बसू तरी द्या. नाहीतर मी खरंच नापास होईन हो, काका."

"शंभरवाल्यांना बसता येत नाही. शिकवता येतं. वर्ग दोन वाजता आहे."

दोन वाजता परराज्यातले आणि गणितात गचकलेले असे तीस जण तिची वाट बघत होते. पूर्वाने फळ्यावर पुस्तकातलं पहिलं उदाहरण लिहिलं. दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच अडकली. पाच मिनिटं ती फळ्याकडे बघत राहिली, वर्ग तिच्याकडे.

"कोणाला येतं?" शेवटी तिने विचारलं.

मागच्या बाकावरून श्यामसुंदरने हात वर केला. तो हाच वर्ग तिसऱ्यांदा करत होता.

पूर्वाने खडू त्याच्या हातात दिला, पिशवीतून वही काढली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.

"सर," ती म्हणाली, "जरा सावकाश हं."