हे काही जाळायचं लाकूड नव्हे

जगात टाकाऊ लाकूड असं काही नसतं. टाकाऊ असतात ती ते टाकणारी माणसं. हा सिद्धान्त माझ्या सासऱ्यांनी टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मांडला आणि दोन हिवाळ्यांत स्वतःच्या घराच्या मागच्या खोलीत सिद्ध करून दाखवला. थोर सिद्धान्तांना सहसा जागेची अडचण पडत नाही. ह्याला पडली.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. मागची खोली म्हणजे सासूबाईंचं शिवणकामाचं ठिकाण. घरातली सगळ्यात थंड खोली तीच (उजेड मात्र चांगला, म्हणून मशीन तिथे). हिवाळ्यात त्यांची बोटं आखडतात आणि सुईत दोरा ओवता ओवता दिवस मावळतो. सासरे नोकरीत असताना त्यांना दरवर्षी सांगत, "निवृत्त होऊ दे, तुझ्या खोलीत लाकडाची शेगडी बसवतो. चांगली लोखंडी, धुराड्याची." माणूस शब्दाचा पक्का. निवृत्तीनंतर महिन्याच्या आत शेगडी आली. काळीकुळकुळीत, दाराला आतला जाळ दिसेल अशी काचेची खिडकी, आणि भोवती पांढऱ्या फळ्यांचं भक्कम खोकं. खोक्याच्या प्रत्येक फळीवर शेगडीचं चित्र छापलेलं. शेगडी बसली, धुराडं भिंतीतून बाहेर गेलं. सासूबाईंनी मशीन शेगडीजवळ सरकवलं आणि त्या वाट बघू लागल्या.

राहता राहिला प्रश्न सरपणाचा. मी भाबडेपणाने वखारीचं नाव काढलं.

"विकत?" सासरे म्हणाले. "गावभर लाकूड फुकट पडलंय जावईबापू, आणि मी वखारवाल्याची भर करू?"

ह्यात तथ्य होतं. एकदा बघायला लागलं की लाकूड कुठे दिसत नाही? फर्निचरच्या दुकानामागे खोकी, घर दुरुस्तीला काढलं की दारं-चौकटी, पलंगांचे पाय, पाट्या, पेट्या, छाटलेल्या फांद्या, आणि एकदा तर एक अख्खा जिना. आमच्या पाहणीनुसार शहरात टाकल्या जाणाऱ्या दर दहा लाकडी वस्तूंपैकी अकरा चांगल्या असतात (अकरावी परतीच्या वाटेवर सापडते). तेव्हा रोज संध्याकाळी सहानंतर फेरी मारायची, असं ठरलं. अधिकारी सासरे, कर्मचारी मी, वाहन माझं.

फेरीचे काही संकेत होते. ओळखीचं कुणी भेटलं तर आपण पाय मोकळे करायला निघालेलो आहोत, मग खांद्यावर पलंगाचा असो की आणखी कुणाचा. न विचारता उचललं तर ती चोरी आणि विचारून उचललं तर ती भीक; म्हणून विचारायचं, पण उचलल्यावर. आणि टाकणाऱ्या घराकडे बघून एकदा मान हलवायची. ही मान हलवणं सासऱ्यांना फार चांगलं जमे. एखाद्याने पोटची पोरं रस्त्यावर सोडली असती तरी त्यांनी इतकी हलवली नसती.

पहिल्या दिवशी एक खण मिळाला, टेबलाचा, पितळी मुठीचा. घरी आल्यावर सासऱ्यांनी शेगडीचं दार उघडलं, खण उलटा केला, सुलटा केला, नखाने खरवडून पाहिला आणि दार लावून टाकलं.

"हे काही जाळायचं लाकूड नव्हे," ते म्हणाले. "ह्याचं काहीतरी होईल."

त्या रात्री जेवताना त्यांनी धोरण जाहीर केलं. चांगलं लाकूड वाया जाऊ नये म्हणून आपण ते उचलतो. चांगलं लाकूड जाळणं म्हणजे ते वाया घालवणंच. सबब, जे कशाच्याच उपयोगाचं नाही तेवढंच जाळण्यात येईल. ह्या युक्तिवादात फट शोधायचा मी बराच प्रयत्न केला. फट नव्हती, थंडी येत होती ती खिडकीतून.

त्यानुसार जमलेल्या लाकडाची वर्गवारी करण्यात आली. पहिला वर्ग: ह्याचं काहीतरी होईल. दुसरा: कुणाच्यातरी उपयोगी पडेल. तिसरा: बघू. चौथा वर्ग जाळण्यायोग्य लाकडाचा, आणि त्याची जागा खोलीच्या कोपऱ्यात खडूची रेघ मारून राखून ठेवलेली होती. ती स्वच्छ राहिली. अंगठ्याएवढी काटकीसुद्धा तिथवर पोचली नाही. वेलाला आधार द्यायला बरी म्हणून ती पहिल्या वर्गात गेली. (घरात वेल नाही. तो लावायचा, हे 'बघू'मध्ये आहे.) दुसऱ्या वर्गाची ख्याती ऐकून एकदा गल्लीतला सुतार एक फळी मागायला आला. सासऱ्यांनी त्याला आदराने बसवलं, चहा दिला, फळी दाखवली आणि परत जागेवर ठेवली.

लाकूड बाहेर ठेवलं तर भिजतं, म्हणून ते मागच्या खोलीत आलं. आधी भिंतीशी. मग शेगडीभोवती, कारण शेगडीजवळ लाकूड लवकर वाळतं (शेगडी पेटलेली नाही, हे मी लक्षात आणून दिलं, तो शब्दच्छल ठरला). मग शेगडीवर. पहिला हिवाळा संपता संपता शेगडी ढिगाखाली दिसेनाशी झाली, आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला शिवणाचं मशीन स्वयंपाकघराच्या बोळात हलवावं लागलं.

"लाकूड ओलं आहे गं," सासरे म्हणाले. "वाळायला जागा नको?"

"हवी की," सासूबाई म्हणाल्या. "माझं काय, मी कोरडीच आहे."

त्याच हिवाळ्यात दमट हवेने ढिगाला बुरशीचा वास येऊ लागला. सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. इतकं चांगलं लाकूड घरात आणून कुजवायचं, म्हणजे आपल्यात आणि त्या टाकणाऱ्यांत फरक तो काय? दुसऱ्या दिवशी विजेचा हीटर आला. तो लाकडाच्या खोलीत, लाकडाच्या दिशेने तोंड करून, दिवसभर चालू राहू लागला. आणि दुपारी कधीतरी सासूबाई हातातलं शिवण घेऊन त्या खोलीत जात, जिन्याच्या एका पायरीवर बसत (पहिला वर्ग) आणि लाकडांसाठी लावलेल्या हीटरपुढे आपली बोटं शेकत. अशा रीतीने लाकडापायी सासूबाईंना ऊब मिळावी, हा योजनेचा मूळ उद्देश सफल झाला. सासरे फक्त एवढंच म्हणत, "दार लावून घे. लाकडांना वारा लागतो."

मी हसत होतो असं कुणी समजू नये. एव्हाना ते वेड मलाही लागलं होतं. ऑफिसला जाताना माझी मान आपोआप कचऱ्याच्या ढिगांकडे वळे. बायको म्हणाली, "आधी तुम्ही बायकांकडे बघायचात तेच बरं होतं." मी म्हटलं, बायका कुणी असं उघड्यावर भिजत टाकून देत नाही. ह्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या कोपऱ्यावरचं मोठं झाड वादळात पडलं. सासरे कुऱ्हाड घेऊन पोचेपर्यंत उद्यान विभाग पोचलेला होता. त्यांच्याजवळ एक यंत्र होतं. एका बाजूने फांदी घातली की दुसऱ्या बाजूने भुसा. मांडीएवढ्या जाड, सरळसोट, निरोगी फांद्या त्यात कोकलत जात होत्या. सासऱ्यांना ते पाहवेना. ते यंत्राच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले.

"आजोबा, बाजूला व्हा," यंत्रवाला म्हणाला. "हात जाईल."

"अरे, चांगलं लाकूड आहे हे! भुसा कसला करतोस त्याचा?"

"ऑर्डर आहे."

"मला दे. फुकट नेतो. तुझा त्रास वाचेल."

"तुम्ही नेऊन काय करणार?"

"जाळणार!" सासरे ओरडले.

सासूबाई फाटकात उभ्या होत्या. दोन वर्षांत तो शब्द 'नव्हे' न जोडता नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी पदर सावरला. यंत्रवाल्याला म्हाताऱ्याची दया आली आणि त्याने इकडेतिकडे बघून दोन जाडजूड ओंडके बाजूला लोटले. आम्ही ते गडगडत घरी आणले. सासूबाईंनी काडेपेटी शोधून ठेवली. सासऱ्यांनी ओंडका उभा केला, त्याच्यावर हात फिरवला, त्यावर बसून पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "हे तर आयतं स्टूल आहे."

काडेपेटी सासूबाईंनी जागेवर ठेवली. पण दुसऱ्या दिवशी सासरे दाढ दाखवायला गेले तेव्हा त्यांनी मला आणि माझ्या बायकोला बोलावून घेतलं.

"ढीग उपसायचा," त्या म्हणाल्या, "शेगडी काढायची, तिच्या जागी अंगणातलं पत्र्याचं पिंप ठेवायचं आणि ढीग होता तसा परत रचायचा. शेगडी नेऊन ठेवायची त्या बंद पडलेल्या लाँड्रीच्या कोपऱ्यावर."

"अहो आई, फेकून देताय?"

"फेकत नाहीये. ह्यांना घरातली वस्तू दिसत नाही, रस्त्यावरची दिसते. खरं तर मीच जाऊन उभी राहणार होते कोपऱ्यावर, पण गुडघे दुखतात."

माझी बायको हसता हसता रडायला लागली, आणि मग आम्ही ढीग उपसला. शेगडी काय वजनाची होती ते माझी कंबर सांगेल. तिने ती त्या दिवशी दोनदा उचलली. कारण संध्याकाळी सहाला फेरी निघाली ती (माझ्या किंचित आग्रहावरून) लाँड्रीच्या बाजूने निघाली.

सासरे दुरूनच थबकले. मग जवळजवळ धावले. दार उघडून त्यांनी आत हात घातला, बोटं बाहेर काढून उजेडात धरली.

"राखेचा कण नाही!" त्यांचा आवाज चिरकला. "एकदाही पेटवलेली नाही हो ही! कोरी करकरीत!" आणि त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांकडे बघून मान हलवली. तशी हलवलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"आपल्यासारखीच दिसते," मी चाचरत म्हणालो. कुणाच्याही अंगावर काटा यावा असा तो क्षण होता.

"हुबेहूब!" सासरे म्हणाले. "म्हणजे आपली निवड चांगली होती. चला, उचला. आपली कधी बिघडली तर ही असू दे."

घरी अंगणात शेगडी उतरवली. सासूबाई बाहेर आल्या, तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"कुणाची असेल हो?"

"असेल कुणीतरी उधळ्या. बायकोसाठी मोठ्या हौसेने आणली असेल, आणि दिली ठेवून. आता दिली टाकून. अशा माणसांना ना..."

"असू दे हो. त्याच्याही मनात असेल पेटवायची."

सासऱ्यांनी शेगडीचं दार लावून घेतलं.

"पण तपासून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "फुकटची आहे. गळकी-बिळकी निघायची."

हा मुद्दा संकेताला धरून होता. सापडलेली प्रत्येक वस्तू तपासूनच आत घ्यायची, हा सासऱ्यांचाच नियम. आणि शेगडी तपासायची म्हणजे पेटवायची. धुराड्याची अडचण नव्हती, वर आभाळ होतं. ते ढिगाकडे वळणार तोच सासूबाईंनी एक फळी त्यांच्या हातात ठेवली. सकाळी उपसताना बाजूला काढलेली. पांढरी, भक्कम, शेगडीच्या खोक्याची.

सासऱ्यांनी सवयीने ती उलटी केली, सुलटी केली. सुलट्या बाजूवर शेगडीचं चित्र होतं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या ढिगाकडे. सगळ्यात शेवटी सासूबाईंकडे. त्या सुईत दोरा ओवत होत्या. तो जात नव्हता.

मग सासऱ्यांनी फळी गुडघ्यावर ठेवून मोडायचा प्रयत्न केला. ती मोडेना (मी सांगितलं ना, भक्कम होती), म्हणून मी करवत आणली. तुकडे त्यांनी स्वतः आत ठेवले, काडी त्यांनीच लावली.

"चांगलं लाकूड होतं," ते म्हणाले.

"अजून आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते. "ऊब चांगली देतंय."

आता शेगडी पुन्हा मागच्या खोलीत आहे आणि मशीन तिच्याजवळ. रोज एक नग जाळण्यात येतो, त्याआधी सासरे त्याच्यावरून एकदा हात फिरवतात. खण सगळ्यात शेवटी जाईल असा अंदाज आहे.

फेरी मात्र बंद पडलेली नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून आमचं एक निरीक्षण झालं आहे, ते वाचकांच्या सोयीसाठी देतो. जुन्या, झिजलेल्या, मोडक्या वस्तू कुठल्याही घराबाहेर सापडतात. पण कोऱ्या वस्तू, घडी न मोडलेल्या, कागदसुद्धा न काढलेल्या, त्या नेहमी एकाच प्रकारच्या घराबाहेर सापडतात: ज्या घरातून नुकतंच माणूस गेलेलं असतं, त्या.

वाचकहो, आपल्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर पाहुण्यांसाठी ठेवलेला तो कपांचा संच आहे ना? ज्यांना तो फार आवडला म्हणून आणला होता, त्या आत्ता आत बसून कान तुटलेल्या कपातून चहा पीत असतील. त्यांना उठवू नका. संच आहे तिथे छान आहे, फक्त धूळ बसू देऊ नका. आम्हाला घाई नाही. आमची गाडी संध्याकाळी सहानंतर आपल्याही गल्लीत येते.